भोक पाडण्याआधी: गाडीत ट्वीटरची जागा कशी ठरवावी

ठाण्यात किंवा वाशीत एखाद्या दुकानातून कॉम्पोनंट स्पीकरचा संच, म्हणजे दारातला मोठा स्पीकर आणि बारीक स्वरांसाठी वेगळा छोटा स्पीकर (ट्वीटर), घेतला की पुढचे काम फार झपाट्याने होते. फिटर दाराचे पॅड उघडतो, मोठा स्पीकर मूळ जागी बसवतो आणि ट्वीटर हातात धरून विचारतो, ‘साहेब, हे कुठे लावू?’ नवख्या ग्राहकाकडे उत्तर नसते, म्हणून ‘नेहमी लावता तिथेच लावा’ असे सांगून तो मोकळा होतो आणि थोड्याच वेळात डॅशबोर्डच्या दोन्ही कोपऱ्यांत भोके पडलेली असतात. स्पीकर पुढे बदलता येतो, ॲम्प्लिफायर बदलता येतो, पण डॅशबोर्डला पडलेले भोक बुजवता येत नाही. त्यामुळे ट्वीटरची जागा आधी स्वतःच्या आसनावर बसून, स्वतःच्या कानांनी ठरवावी आणि ड्रिल त्यानंतर चालवू द्यावे. ते कसे करायचे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

जागेने इतका फरक का पडतो

दारातला साडेसहा इंची स्पीकर गायकाच्या आवाजाचा भरणा, तबला, ढोलकी असे खालचे आणि मधले स्वर सांभाळतो. साधारण ३,००० हर्ट्झच्या वरचे सगळे, म्हणजे टाळांचा किणकिणाट, सतारीच्या तारेची धार, उच्चारातले ‘स’ आणि ‘श’, हे ट्वीटरकडे जाते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर वेगाने जातो; त्या हिशेबाने ३,००० हर्ट्झची लहर साडेअकरा सेंटिमीटरची आणि १०,००० हर्ट्झची लहर साडेतीन सेंटिमीटरची होते. इतक्या आखूड लहरी स्टिअरिंग, गुडघा किंवा डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती यांना वळसा घालून जात नाहीत; समोर काही आले की तिथेच अडतात किंवा परततात. शिवाय ट्वीटरची घुमटी साधारण २५ मिलिमीटर व्यासाची असल्याने १०,००० हर्ट्झच्या पुढे त्याचा आवाज समोरच्या दिशेनेच अधिक जातो आणि बाजूला बसलेल्याला कमी ऐकू येतो. दारातला स्पीकर चार बोटे इकडेतिकडे झाला तर सहसा लक्षातही येत नाही. ट्वीटर मात्र तेवढ्याने निराळाच वाजतो.

दुसरे कारण उंचीचे आहे. आवाज वरून येतो की खालून, हे आपल्या कानाची पाळी मुख्यतः वरच्या स्वरांवरून ओळखते. त्यामुळे ट्वीटर डोळ्यांच्या पातळीच्या जवळपास असला, तर मोठा स्पीकर गुडघ्यापाशी असूनही गायक समोरच्या काचेपाशी उभा असल्याचा भास होतो. याला मर्यादा आहे. दोघांमधले अंतर फार वाढले की गायक दोन ठिकाणी विभागला जातो: शब्दांचे ‘स’ वरून येतात आणि गळा खालून येतो. ट्वीटर वर असावा, पण मोठ्या स्पीकरशी त्याचे नाते तुटू नये, असा हा तोल आहे.

तिसरे कारण आपल्या आसनाचे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे उजवा ट्वीटर त्याच्या अगदी जवळ आणि डावा लांब असतो. एखाद्या हॅचबॅकमध्ये उजव्या आरशापाशी लावलेल्या ट्वीटरपासून चालकाचे डोके ८० सेंटिमीटरवर आणि डाव्यापासून १३० सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर ५० सेंटिमीटरच्या फरकामुळे उजवा आवाज जवळजवळ दीड मिलिसेकंद आधी पोहोचतो. आपल्या दोन कानांत आवाज पोहोचण्यात निसर्गतः पडणारा फरक पाऊण मिलिसेकंदापेक्षाही कमी असतो. त्यामुळे कान दीड मिलिसेकंदाच्या फरकाला ‘आवाज उजवीकडूनच आला’ असे समजतो आणि गायक उजव्या आरशावर जाऊन बसतो. जागा निवडताना हा फरक जितका कमी करता येईल तितका करायचा आणि उरलेला पुढे कोनाने किंवा सेटिंगने भरून काढायचा.

पहिली पायरी: एअरबॅग कुठे आहेत ते पाहणे

आवाजाचा विचार करण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारून ‘एअरबॅग’ असे कोरलेले शब्द कुठे दिसतात ते पाहावे. हल्ली अनेक गाड्यांत सहा एअरबॅग असतात आणि त्यांतल्या दोन पडद्यासारख्या एअरबॅग छताच्या कडेला दडवलेल्या असतात. समोरच्या काचेच्या दोन्ही कडांना असलेला तिरपा खांब, ज्याला सगळे ए-पिलर म्हणतात, त्याच्या आवरणामागे या एअरबॅगचे पुढचे टोक किंवा तिचा पट्टा असू शकतो. अशा पिलरवर स्क्रूने ट्वीटर बसवला, तर अपघाताच्या क्षणी एअरबॅग नीट उघडणार नाही किंवा तो ट्वीटरच चेहऱ्याच्या दिशेने फेकला जाईल. पिलरवर एअरबॅगची खूण असेल तर तो विषय तिथेच संपवावा; ‘आम्ही सगळ्या गाड्यांना लावतो, काही होत नाही’ या आश्वासनाला काही किंमत देऊ नये. डाव्या बाजूच्या प्रवाशासमोर डॅशबोर्डचा जो भाग एअरबॅगचे झाकण असतो, त्यालाही हाच नियम लागू आहे. शंका असल्यास गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत एअरबॅगच्या जागांची आकृती असते, ती पाहावी.

दुसरी पायरी: उपलब्ध जागांची पारख

नवख्याने सर्वप्रथम पाहावी अशी जागा म्हणजे बाहेरच्या आरशाच्या आतल्या बाजूला, काचेच्या पुढच्या कोपऱ्यात असलेले तिकोनी प्लॅस्टिक आवरण. माझ्या मते दहापैकी आठ गाड्यांसाठी हीच जागा योग्य आहे. ती कानाच्या पातळीच्या थोडी खाली येते, समोरच्या काचेपासून पुरेशी दूर असते, वायर दारातल्या दारात राहते आणि चुकून काही बिघडलेच तर फक्त ते एक लहानसे आवरण बदलावे लागते. अनेक गाड्यांच्या वरच्या व्हेरिअंटमध्ये कंपनी स्वतःच इथे ट्वीटर देते. अशा गाडीचा खालचा व्हेरिअंट आपल्याकडे असेल, तर स्पेअर पार्टच्या काउंटरवर वरच्या व्हेरिअंटचे जाळीवाले आवरण मिळते का ते आधी विचारावे. ते मिळाले तर ड्रिलची गरजच उरत नाही. उणीव एवढीच की उजवा ट्वीटर चालकाच्या फार जवळ येतो, आणि ज्या गाड्यांत आरसा फिरवायची दांडी याच आवरणातून आत येते तिथे जागा अपुरी पडते.

ए-पिलरच्या तळाशी, जिथे पिलर डॅशबोर्डला भेटतो, तिथे लावलेला ट्वीटर कानापासून जरा लांब जातो, म्हणून डाव्या-उजव्यातला फरक थोडा कमी होतो आणि आवाजाचा पट अधिक रुंद वाटतो. ज्यांच्याकडे प्रत्येक स्पीकरला वेगळा विलंब देणारी यंत्रणा आहे आणि ज्यांच्या पिलरमध्ये एअरबॅग नाही, त्यांनी या जागेचा जरूर विचार करावा. मात्र फायबरचा मोठा कप बनवून तो पिलरवर चिकटवण्याची जी पद्धत आहे, ती मला पटत नाही. पिलर आधीच दृष्टीआड जागा निर्माण करतो. माजिवडा किंवा तीन हात नाक्यावर वळताना एखादा दुचाकीस्वार नेमका त्या खांबामागे असतो, आणि खांबाची जाडी चार बोटांनी वाढवून आपण त्याला पूर्णच झाकून टाकतो.

डॅशबोर्डचे कोपरे ही फिटरची लाडकी जागा आहे, कारण वायर लगेच पोहोचते. कंपन्याही तिथे ट्वीटर देतात. पण कंपनीने गाडीच्या मापाने आवाज आधीच जुळवून घेतलेला असतो, तसे बाजारातल्या संचाचे नसते. ट्वीटरचे तोंड वर, काचेकडे असले की कानाशी दोन आवाज येतात, एक थेट आणि दुसरा काचेवर आपटून. परतलेल्या आवाजाला समजा १० सेंटिमीटर जास्त अंतर कापावे लागले, तर सुमारे ५,२०० आणि ८,६०० हर्ट्झला दोन्ही आवाज एकमेकांना मारतात आणि ३,४५० व ६,९०० हर्ट्झच्या आसपास एकमेकांना उचलून धरतात. ६,९०० हर्ट्झचा टापू हा ‘स’चा टापू आहे, म्हणूनच अशा गाडीत बातम्यासुद्धा कानाला टोचतात. त्यात उन्हाचा भाग वेगळा. एप्रिल-मे महिन्यांत नेरूळ किंवा वाशी स्टेशनबाहेर दिवसभर उभ्या राहिलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या वर सहज जातो, आणि लहान ट्वीटरमध्ये वापरल्या जाणाऱ्या साध्या प्रतीच्या नियोडिमियम चुंबकाची मर्यादा ८० अंशांच्या आसपासच असते.

पायाजवळच्या बाजूच्या पॅनेलमध्ये, ज्याला किक पॅनेल म्हणतात, दोन्ही ट्वीटरची अंतरे सर्वांत जास्त सारखी होतात, त्यामुळे पुस्तकी दृष्टीने ती उत्तम जागा ठरते. आपल्याकडे मात्र जुलैत प्रत्येक प्रवासी चिखलाचे बूट आणि गळकी छत्री तिथेच टेकवतो, सखल रस्त्यावर कधी पाणीही आत शिरते, आणि उजवा ट्वीटर ॲक्सिलरेटरवरच्या पायाआड जातो. ती जागा नवख्याने सोडून द्यावी.

तिसरी पायरी: तात्पुरते लावून ऐकणे

या पायरीला वेळ द्यावा, कारण बाकी सगळे हिच्यावर अवलंबून आहे. फिटरला सांगून दोन्ही ट्वीटरना मीटर-दीड मीटरची जादा वायर सोडून घ्यावी आणि मोठे स्पीकर कायमचे बसवून घ्यावेत. मग गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावून, इंजिन आणि एसी बंद करून, काचा पूर्ण चढवाव्यात. मळलेल्या कणकेसारखी जी चिकट रंगीत माती मुलांच्या खेळण्यांत मिळते, तिचा लिंबाएवढा गोळा करून ट्वीटर त्यावर टेकवला की तो हव्या त्या कोनात राहतो आणि प्लॅस्टिकवर डागही पडत नाही. आरशाच्या तिकोनावर, पिलरच्या पायथ्याशी आणि डॅशबोर्डवर असे तिन्ही ठिकाणी लावून पाहावे. प्रत्येक वेळी मापाच्या टेपने आपल्या नाकापासून दोन्ही ट्वीटरची अंतरे मोजून कागदावर लिहून ठेवावीत.

ऐकण्यासाठी धांगडधिंग्याची गाणी उपयोगाची नाहीत. सर्वांत आधी एखादे जुने मोनो ध्वनिमुद्रण लावावे, कारण त्यात डावीकडे आणि उजवीकडे अगदी एकच आवाज असतो. तो एका बिंदूतून आला पाहिजे. तो बिंदू डॅशबोर्डच्या मध्याकडे जितका येईल तितकी जागा चांगली. त्यानंतर टाळ-पखवाजाच्या साथीचा एखादा अभंग लावावा. टाळ हे ट्वीटर पारखायला फार उत्तम वाद्य आहे, कारण त्याचा आघात आणि मागे रेंगाळणारी झणझण हे दोन्ही वरच्याच स्वरांत असतात. योग्य जागी आघात स्वच्छ ऐकू येतो, झणझण हवेत विरत जाते आणि टाळ गायकाच्या आजूबाजूला असल्याचे जाणवते. चुकीच्या जागी टाळ उजव्या आरशात वाजू लागतात, किंवा त्यांची झणझण फिसफिसल्यासारखी होते. शेवटी निवेदकाचे साधे बोलणे ऐकावे. ‘सकाळी सात वाजून साठ सेकंद’ असे काही कुणी म्हणणार नाही, पण ‘स’ भरपूर असलेले कोणतेही वाक्य चालेल. तोंड एकच आहे की वर एक आणि खाली एक, एवढेच तपासायचे.

पार्किंगमध्ये पसंत पडलेली जागा त्याच अवस्थेत, मातीच्या गोळ्यावर कागदी टेपची एक पट्टी मारून, दोन-तीन दिवस रोजच्या रस्त्यावर वापरावी. घोडबंदर रोडवर रेंगाळताना एसीचा पंखा आणि ट्रकची घरघर यांवर मात करण्यासाठी आपण आवाज वाढवतो. टायरचा आणि इंजिनाचा आवाज बहुतांशी खालच्या स्वरांचा असल्याने गाण्यातले तेच स्वर झाकले जातात आणि वाढलेले वरचे स्वर तेवढे उघडे पडतात. पार्किंगमध्ये ‘काय स्वच्छ वाजतोय’ म्हणून आवडलेला ट्वीटर ऐरोलीच्या पुलापर्यंत जाताना डोके उठवू शकतो. पाम बीच मार्गावर एका वेगाने जाताना सुखद आणि कोंडीत सुसह्य, अशी जी जागा ठरेल ती आपली. या काळात वायर स्टिअरिंगजवळ किंवा पायांत लोंबकळत नाही याची काळजी घ्यावी.

चौथी पायरी: कोन

जागा ठरल्यावर तोंड कुठे वळवायचे हा प्रश्न उरतो. ट्वीटर थेट आपल्या कानावर रोखण्याचा मोह होतो, पण मग उजवा ट्वीटर गाणे गिळून टाकतो. सुरुवात अशी करावी: दोन्ही ट्वीटरची तोंडे छताच्या दिव्याकडे, म्हणजे पुढच्या दोन आसनांच्या मधल्या जागेकडे वळवावीत. त्यामुळे उजवा ट्वीटर चालकाच्या समोरून निघून जातो आणि डावा त्याच्याकडे बऱ्यापैकी रोखलेला राहतो. जवळच्याची धार आपोआप कमी होते आणि लांबच्याची टिकते. शेजारच्या आसनावर बसलेल्यालाही उलट बाजूने हाच लाभ मिळतो. यानंतर एका वेळी एकाच ट्वीटरचा कोन थोडासा बदलावा आणि तोच अभंग पुन्हा ऐकावा. दोन्ही एकदम हलवले की कशामुळे काय झाले ते कळत नाही. आवाज कोंदट वाटला तर तोंड श्रोत्याकडे आणावे, टोचू लागला तर बाहेर न्यावे. ठरलेला कोन मोबाइलवर दोन बाजूंनी फोटो काढून ठेवावा, कारण फिटरच्या हाती गेल्यावर तो स्मरणावर विसंबून लावला जातो.

पाचवी पायरी: पक्के बसवणे

आता ड्रिल. तिकोनी आवरण गाडीवर असतानाच त्याला भोक पाडू देऊ नये. प्लॅस्टिकच्या पट्टीने ते उचकटून बाहेर काढावे आणि मागे आरशाचे बोल्ट नेमके कुठे आहेत ते पाहून मगच खूण करावी. ट्वीटरच्या मापाचा होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, वापरावी. तापवलेल्या सळईने पाडलेले भोक कधीच गोल होत नाही. ग्लू गनच्या गोंदाने चिकटवण्यास स्पष्ट नकार द्यावा, कारण उन्हात तापलेल्या गाडीत तो मऊ होतो आणि एके दिवशी ट्वीटर वायरीला लटकलेला दिसतो. संचासोबत कप, क्लिप आणि स्क्रू येतात, तेच वापरावेत.

दारातून येणारी वायर दार आणि खांब यांमधल्या रबरी नळीतूनच न्यावी. बिजागरीजवळून उघडी नेलेली वायर दाराच्या उघडझापीत कापली जाते. वायर ओढून झाल्यावर काच पूर्ण खाली-वर करून ती कुठे घासत नाही ना ते पाहावे. दाराच्या पॅडमागे प्लॅस्टिकचा एक पडदा चिकटवलेला असतो आणि घाईत तो सर्रास फाडला जातो. तो पाऊस आत येऊ नये म्हणूनच आहे. काचेच्या कडेने दारात उतरलेले पाणी खालच्या छिद्रांतून बाहेर जावे आणि गालिच्यावर येऊ नये हे त्याचे काम असते. तो जसाच्या तसा परत चिकटवून घ्यावा. याच कारणासाठी क्रॉसओव्हरचा, म्हणजे वरचे स्वर ट्वीटरकडे आणि खालचे मोठ्या स्पीकरकडे वाटून देणारा, डबा दाराच्या तळाशी ठेवू नये. डॅशबोर्डखाली किंवा ग्लव्ह बॉक्सच्या मागे कोरड्या जागी बांधावा. कंपनीची मूळ वायर कापण्याऐवजी त्या गाडीसाठी मिळणारा कपलर वापरला, तर वॉरंटीच्या वेळी वादाला जागा राहत नाही.

सहावी पायरी: जोडणी आणि पातळी

ट्वीटर कधीही थेट ॲम्प्लिफायरला जोडू नये. खालचे स्वर त्याची बारीक कॉइल जाळून टाकतात. संचात क्रॉसओव्हर असेल तर तो काम करतो, नसेल तर किमान एक नॉन-पोलर कपॅसिटर ओळीत लागतोच. ४ ओहमच्या ट्वीटरला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे ४,००० हर्ट्झपासून, तर ४.७ मायक्रोफॅरडचा सुमारे ८,५०० हर्ट्झपासून वाजू देतो. फिटरने हाताला लागला म्हणून छोटा कपॅसिटर लावला, तर मोठा स्पीकर आणि ट्वीटर यांच्यात मोठी पोकळी पडते आणि दोष जागेला दिला जातो. म्हणून त्यावरचा आकडा स्वतः वाचावा.

ट्वीटर मोठ्या स्पीकरपासून फूट-दीड फूट लांब गेल्यावर दोघे जिथे एकमेकांना भेटतात, तिथल्या स्वरांत ते कधी साथ देतात, कधी एकमेकांना खोडतात. यासाठी दोन्ही ट्वीटरच्या प्लस-मायनस वायरी उलट करून एकदा ऐकावे. ज्या जोडणीत गायकाचा आवाज भरदार आणि सलग वाटेल ती ठेवावी, भले संचाच्या कागदावर काहीही लिहिलेले असो. फक्त दोन्ही बाजूंना जोडणी सारखीच हवी. क्रॉसओव्हरवर ट्वीटर ३ डेसिबलने कमी करण्याची सोय असली तर तिकोनी आवरणासारख्या जवळच्या जागी ती बहुधा वापरावी लागते. म्युझिक सिस्टीममध्ये टाइम अलाइनमेंट, म्हणजे प्रत्येक स्पीकरला वेगळा विलंब देण्याची सोय, असेल, तर तिसऱ्या पायरीत लिहून ठेवलेली अंतरे तिथे भरावीत. ती नसेल तर बॅलन्स एक-दोन घरे डावीकडे सरकवावा, त्याहून अधिक नाही, नाहीतर शेजारी बसणारी व्यक्ती तक्रार करेल आणि ती रास्त असेल.

मागच्या दारांत ट्वीटर लावण्याचा आग्रह दुकानदार करतील. मागे दोन माणसे रोज बसत नसतील, तर त्या पैशांत पुढच्या दारांना डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारे जाड अस्तर, लावून घेणे अधिक फायद्याचे आहे, कारण मागून आलेले वरचे स्वर पुढे महत्प्रयासाने जुळवलेला गायक पुन्हा मागे ओढतात. काम झाल्यावर काढलेली मूळ आवरणे आणि क्लिपा फिटरकडून मागून घ्याव्यात. गाडी विकताना ट्वीटर काढून घेता येतात आणि भोक न पाडलेले मूळ आवरण हाती असेल तर ते दोन मिनिटांत परत बसते.